नशा करणाऱ्याला जेल का दवाखाना? खान्देशात लोकांचं खरं मत काढायचं कसं

चोपडा घ्या, अमळनेर घ्या, शहादा घ्या, कुठलीही टपरी धरा आणि चहा पिता पिता सहज विचारा, दादा, गांजा पिणाऱ्याला जेल झाली पाहिजे का नको? दोन सेकंदात उत्तर येतं, "जेल काय, उलटं टांगा सालांना." मग घाई करायची नाही, अजून एक कटिंग सांगायची आणि म्हणायचं, समजा तुमच्या साडूचा पोरगा आहे, १९ वर्षांचा, पोलीस भरतीसाठी रोज सकाळी ग्राउंडला पळतो, त्याच्या खिशात पुडी सापडली, मग काय करायचं? तोच माणूस लगेच, "नाही भो, पोराची लाईफ जाईल ना, दोन कानाखाली मारून सोडून द्या." आता यातलं खरं मत कोणतं? दोन्ही. माणूस खोटं बोलत नाहीये, तुम्हीच त्याला दोन वेगळे प्रश्न विचारलेत.

हे लिहायचं कारण असं की एनएसएसची पोरं, एमएसडब्ल्यूवाले (समाजकार्य शिकणारे), छोटे यूट्यूब चॅनलवाले, सगळ्यांना हा विषय एकदम हॉट वाटतो, एका दिवसात पन्नास जणांना गाठतात आणि "८० टक्के लोक म्हणतात कडक शिक्षा हवी" करून मोकळे होतात. मी जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत सर्व्हेची कामं करतो, कधी पाण्यावर, कधी रेशनवर, आणि नशेवर विचारणं हे त्या सगळ्यांत अवघड काम आहे, कारण इथे लोक मत देताना आधी तुमच्याकडे बघतात, मग शेजारी कोण उभा आहे ते बघतात, आणि मग बोलतात.

तर पहिलं काम, गावात जायच्या आधी तुम्ही स्वतः कायदा नीट वाचा. अर्ध्या लोकांना (विचारणाऱ्यांनासुद्धा) माहीतच नसतं की आत्ता नेमकं काय चालू आहे, आणि जे चालू आहे ते माहीत नसताना "बदला का नको" विचारण्यात काय अर्थ. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, एनडीपीएस म्हणतात तो. त्यात कलम २७ म्हणजे नुसतं सेवन. हेरॉईन, कोकेन, मॉर्फिनसारखं काही घेतलं तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी नाहीतर २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, बाकीच्या मालाला सहा महिने नाहीतर १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळ बाळगलं तर वजनावर जातं. गांजा एक किलोपर्यंत असला तर ती "अल्प मात्रा", तिथे वर्षापर्यंत शिक्षा नाहीतर दंड किंवा दोन्ही. २० किलो म्हणजे व्यापारी मात्रा, तिथून पुढे १० ते २० वर्षं आणि जामीन मिळणं महाकठीण. एमडीला (मेफेड्रोन, केमिकलपासून बनवलेला नशेचा माल) हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत, हेरॉईनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. आणि एक गोष्ट जी टपरीवर कोणालाच माहीत नसते, कलम ६४ए. व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या केसमध्ये अडकला आणि स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, उपचार पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे जेल का दवाखाना ही चर्चा हवेतली नाही, दवाखान्याचं दार कायद्यात आधीच आहे, फक्त ते पोरगा पकडल्यावर उघडतं. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने पण सुचवलं होतं की स्वतःपुरता थोडा माल सापडला तर जेलऐवजी उपचाराला पाठवा. त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात कायद्यात दुरुस्ती झाली खरी, पण ती दुसऱ्याच एका कलमातली चूक नीट करण्यापुरती.

भांगेचं पण लक्षात ठेवा, कोणीतरी महाशिवरात्रीचा विषय काढतोच. एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळाचे शेंडे, नुसती पानं आणि बी त्यात येत नाही, म्हणून भांग त्या कायद्याच्या बाहेर पडते आणि राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली जाते. हे माहीत नसलं की म्हातारा माणूस तुम्हाला चौकात पाडतो.

आता प्रश्न कसा करायचा ते. यातच सगळं आहे, बाकी सगळं नंतरचं.

"अमली पदार्थांचं सेवन गुन्ह्याच्या कक्षेतून वगळावं का?" असलं वाक्य लिहिलेला फॉर्म मी पाहिलाय. धरणगावच्या बाजारात मेथी विकणाऱ्या मावशीला हे वाचून दाखवा, ती म्हणेल "हां", कारण साहेब विचारतोय तर हां म्हणावं. आणि जो शिकलेला आहे तो ऐकतो "गांजा चालू करायचा का", मग त्याच्या डोळ्यापुढे कॉलेजच्या गेटवर गांजाचं दुकान येतं आणि तो भडकतो. विक्री मोकळी करणं आणि पिणाऱ्यावर केस न करणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या तशा आहेत हे तुम्ही भाषण देऊन सांगायचं नाही, प्रश्नातून आपोआप कळलं पाहिजे. म्हणून माणूस दाखवा, प्रसंग दाखवा आणि पुढे काय व्हावं ते विचारा. साधारण असं:

"एक २१ वर्षांचा मुलगा आहे. पोलिसांना त्याच्या खिशात १० ग्रॅम गांजा सापडला. तो विकत नाही, स्वतः ओढतो. त्याचं काय करावं?" आणि उत्तरं पाच: (१) जेलची केस करावी; (२) केस नको, दंड घ्यावा; (३) केस नको, पण उपचाराला पाठवावं; (४) समज देऊन सोडावं; (५) सांगता येत नाही.

ते शेवटचं "सांगता येत नाही" काही झालं तरी काढू नका. पोरं ते काढतात कारण तक्ता छान दिसत नाही. पण या विषयात पाच-दहा जणांना खरंच सांगता येत नाही, आणि त्यांना ढकलून तुम्ही जेलच्या किंवा दवाखान्याच्या खात्यात टाकलं तर तो तुमचा आकडा झाला, त्यांचा नाही.

मग हाच प्रश्न माल बदलून विचारायचा. गांजा झाला, आता कुत्ता गोळी (धुळ्याकडे न सांगता कळतं, झोपेची नाहीतर टेन्शनची गोळी, अल्प्राझोलामसारखी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकलेली), मग एमडी, मग दारू. दारू का? कारण दारूशिवाय तुम्हाला लोकांची मोजपट्टीच कळत नाही. पारोळ्याकडच्या एका बचत गटात एक काकू मला म्हणाल्या होत्या, "गांजावाला गुमान झोपी जास, दारूवाला घर डोकावर लेस", आणि बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. त्याच गटाने गुप्त मताच्या चिठ्ठीवर (ती पद्धत पुढे सांगतो) गांजाला दवाखाना मारला आणि दारू पिऊन मारणाऱ्याला जेल. कायद्याच्या पुस्तकात मात्र नुसता गांजा ओढणं हाच गुन्हा आहे. तुम्ही दारूचा प्रश्न ठेवला नाही तर हे तुम्हाला दिसणारच नाही.

एमडीबद्दल मात्र मत एकदम वेगळं येतं, तिथे कोणी दया दाखवत नाही, आणि त्याचं एक कारण असं की लोकांनी एमडी पाहिलेलंच नाही, फक्त ऐकलंय. ऑक्टोबर २०२३ ला नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी कारखाना पकडला, टीव्हीवर महिनाभर तेच, त्या दिवसांत कोणी हा सर्व्हे केला असेल तर त्याचा निकाल त्या बातमीचा निकाल आहे. २०२१ च्या क्रूझवाल्या केसच्या वेळी पण तसंच झालं, लोक नशेवर नाही तर मोठ्या बापाच्या पोरांवर मत देत होते. म्हणून सर्व्हेच्या आठवड्यात पेपरला काय होतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जिल्ह्यात मोठी धाड पडली असेल तर सरळ पंधरा दिवस पुढे ढकला, काही बिघडत नाही.

आता मी सुरुवातीला साडूच्या पोराचं सांगितलं तो फरक मोजायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. अर्ध्या चिठ्ठ्यांवर लिहा "एक २१ वर्षांचा मुलगा" आणि अर्ध्यांवर "तुमच्या नात्यातला २१ वर्षांचा मुलगा", बाकी शब्द न शब्द सेम. चिठ्ठ्या पत्त्यासारख्या पिसून गड्डी करायची आणि येईल तशी द्यायची, कोणाला कोणती द्यायची ते तुम्ही ठरवायचं नाही. एकाच माणसाला दोन्ही विचारू नका, मग तो सावध होतो आणि स्वतःशी मेळ घालायला बघतो. दोन गड्ड्यांच्या निकालात जे अंतर पडेल तेच खरं सांगण्यासारखं असतं, बाकीचे आकडे कोणीही आणेल.

विकणाऱ्याचा प्रश्न सगळ्यात आधी ठेवा. हे माझं स्वतःचं मत आहे, कोणी उलट पण सांगेल. लोकांच्या डोक्यात राग असतो तो विकणाऱ्यावर, आणि तो बाहेर काढायला जागा नाही मिळाली तर ते पिणाऱ्यावर काढतात. आधी "विकणाऱ्याचं काय करावं" विचारलं की माणूस दोन शिव्या देऊन मोकळा होतो, मग पिणाऱ्याबद्दल शांतपणे बोलतो. आधी ठेवा नाहीतर नंतर, पण सगळ्यांना त्याच क्रमाने विचारा.

कोणाला विचारायचं? गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला की दोन तासांत तीनशे उत्तरं येतात आणि छाती फुगते, पण ती सगळी तुमच्यासारख्याच २० ते ३० वयाच्या पोरांची असतात, त्यात केळी कापायला जाणारा नाही, जिनिंगवर रात्रपाळी करणारा नाही, बाया तर नाहीतच. त्यापेक्षा मतदार यादी घ्या, गाववार, वॉर्डवार पीडीएफ मिळते. गावात १८०० मतदार असतील आणि तुम्हाला शंभर हवेत तर दर अठरावं नाव, सुरुवात १ ते १८ मधल्या कुठल्यातरी आकड्यापासून चिठ्ठी काढून. नाव सापडलं की त्याच माणसाला विचारायचं, तो शेतात गेला म्हणून त्याच्या भावाला नाही. परत जा. कंटाळवाणं आहे, पण असे नीट निवडलेले शंभर लोक असतील तर आकडा दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आसपास हलू शकतो, चारशे असतील तर पाच, हजार असतील तर तीन. आणि टपरीवर भेटतील तसे विचारलेले हजार असले तरी हा हिशोब लागूच होत नाही. यादीत नसलेले, म्हणजे पाड्यावरून उसतोडीला गेलेले वगैरे, ते सुटतात, तेवढं निकालात लिहून टाका.

तीन जिल्हे म्हणजे एक खान्देश असं समजून एकाच गावाच्या जिवावर बोलू नका. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला दरवर्षी तुरीत, कपाशीत लावलेला गांजा पोलीस उपटतात, तिथे गांजा म्हटलं की लोकांना पिणारा आठवत नाही, लावणारा आणि धाड आठवते. धुळे शहरात गोळीचा विषय. भुसावळला जंक्शन, तिथे प्लॅटफॉर्मवर सोल्युशन हुंगणारी पोरं सगळ्यांनी पाहिलेली. नंदुरबार, नवापूरला गुजरातची बॉर्डर, पलीकडे दारूबंदी, तिथे "बंदी" म्हटलं की लोक हसतात कारण बंदीवरच किती जणांचं घर चालतं ते त्यांना माहीत आहे. प्रत्येक ठिकाणी माणूस जे डोळ्याने पाहतो त्यावर मत देतो. जळगाव शहरातले शंभर आणि धडगावच्या पाड्यावरचे शंभर एकत्र करून सरासरी काढली तर ती सरासरी ना जळगावची ना धडगावची.

धडगाव, मोलगीकडे जाणार असाल तर मोहाचं वेगळं धरा. तिथे मोहाची दारू पूजेत आहे, लग्नात आहे, मयताला आहे, आणि तुम्ही नुसतं "नशा" म्हटलं की लोकांना वाटतं आता हे साहेब मोह बंद करायला आले. पावरी, भिलोरी बोलणारं तिथलंच पोरगं सोबत घ्या, प्रश्न त्यानेच विचारायचा, तुम्ही मागे बसायचं. इकडे खाली अहिराणीत विचारा. छापील मराठीत विचारलं की लोक छापील उत्तर देतात. "तुमले काय वाटस, त्या पोऱ्यानं काय करो?" एवढं म्हटलं की माणूस पाय पसरून बसतो. वेळ पण बघा, कापूस वेचणीत कोणाला फुरसत नसते, आणि बाजाराच्या दिवशी घरी कोणी सापडत नाही.

आता पेटीचं सांगतो, कारण तोंडी उत्तरं या विषयात अर्धी फुकट जातात. सासूसमोर सून, सरपंचासमोर सालदार, नवऱ्यासमोर बायको, कोण खरं बोलणार? पण आपल्याकडे नशेवर गुप्त मत घ्यायची पद्धत आधीपासून आहे, उभी बाटली आडवी बाटली. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, आणि मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. अक्षर न येणारी बाई पण बरोबर शिक्का मारते आणि नवऱ्याला कळत नाही. तेच उचला. चपलेच्या बॉक्सला वरून फट पाडा, चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि चिठ्ठीवर पाच चित्रं.

चित्रं मात्र आधी आठ-दहा जणांना दाखवून बघा. जेलसाठी कुलूप काढलं तर बाया समजतात "दुकानाला कुलूप", म्हणजे धंदा बंद करा, म्हणून बेड्या काढा, बेड्या सगळ्यांना कळतात. दंडाला नोट, उपचाराला दवाखान्याचा प्लस, समज देण्याला बोट वर केलेला हात, आणि सांगता येत नाही याला मोठं प्रश्नचिन्ह. दवाखान्याचा प्लस लाल छापू नका, कोणीतरी परीक्षेसारखी लाल फुली समजतं, हिरवा करा. प्रश्न तुम्ही मोठ्याने वाचायचा, मग पाठ फिरवून उभं राहायचं, खरोखर पाठ फिरवायची, मोबाईलमध्ये बघितल्याचं नाटक नाही. एकदा एक वहिनी बॉक्सजवळ गेली, चिठ्ठीची घडी घालत घालत पार सुपारीएवढी केली, फटीतून आत ढकलली आणि मग बॉक्स हलवून बघितला की खाली पडली का. तिला कोणी शिकवलं नव्हतं. कोणाला दिसणार नाही याची खात्री माणूस स्वतःच करून घेतो, तुम्ही फक्त जागा द्यायची.

बायांना बचत गटाच्या मीटिंगनंतर गाठणं बरं, पण गटाच्या अध्यक्षीणबाईंना आधी सांगून ठेवा की मत सगळ्यांचं वेगळं वेगळं हवंय, नाहीतर त्या बोलतात आणि बाकीच्या "हां, तेच".

एक नियम कधीच मोडू नका: समोरच्याला "तुम्ही घेता का" विचारू नका. सेवन आजही गुन्हा आहे, तुमच्या वहीत नाव आणि पुढे "हो" लिहिलेलं असलं तर ती वही कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. नाव नको, फोन नंबर नको, घराचा फोटो नको, गावाचं नाव, वयाचा गट, बाई का पुरुष, बस झालं. यादीतून नाव शोधलं असेल तर यादीवर टिक करायची आणि चिठ्ठीवर काहीच नाही. १८ च्या खालच्याला विचारायचंच नाही. आणि सातपुड्याच्या पायथ्याला शेतीचा विषय चुकूनसुद्धा काढू नका, कोण लावतं, कुठे लावतं, गेल्या वर्षी कोणाच्या शेतात धाड पडली, काही नाही. तिथे अनोळखी माणूस म्हणजे एक तर व्यापारी नाहीतर खबऱ्या, दोन्हीपैकी काहीही समजलं तरी तुमचा दिवस वाईट जाणार. ग्रामपंचायतीला आधी पत्र द्या, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात, आणि अंधार पडायच्या आत रस्त्याला लागा.

तरीही घरोघरी नशेचा विषय किती शिरलाय याचा अंदाज हवाच असेल तर नाणं वापरा, ही आयडिया वॉर्नर नावाच्या माणसाने १९६५ ला मांडलेल्या पद्धतीच्याच घरातली आहे. माणूस तुमच्या पाठीमागे नाणं उडवतो. छापा पडला तर काही असो, "हो" म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं, जवळच्या नात्यात कोणी गांजा-गोळी घेतं का. तुम्हाला त्याचं नाणं दिसत नाही म्हणून त्याच्या "हो" चा अर्थ तुम्हाला कधीच कळत नाही, पण गठ्ठ्याचा अर्थ कळतो. समजा २०० जणांत १३० "हो" आले, त्यातले साधारण १०० नाण्याने म्हणवलेले, उरले ३० आणि ते काटा पडलेल्या १०० पैकी, म्हणजे तीस टक्के. पन्नास लोकांवर हे करू नका, नाणंच फसवतं. आणि नुसतं "स्वतः घेता का" या प्रश्नावर तर याची मेहनत परवडतच नाही. २०१९ मध्ये आलेल्या एम्सच्या देशभरच्या पाहणीत वर्षभरात दारू घेतलेले १४.६ टक्के होते आणि भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के, म्हणजे शंभर जणांच्या गावात तुम्हाला दोन-तीन माणसं मिळणार, त्यावर काय टक्केवारी काढणार.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांनी माहितीचं कार्ड करून बघा. अर्ध्या लोकांना प्रश्नाच्या आधी चार ओळी वाचून दाखवायच्या, अर्ध्यांना काही नाही, मग बघायचं माहिती दिल्यावर मत हलतं का. पण कार्डात डंडी मारू नका. फक्त पोर्तुगालचं लिहिलं, की तिथे जुलै २००१ पासून दहा दिवसांपुरता माल जवळ असला तर कोर्टकेस नाही, एका समितीसमोर जावं लागतं आणि ती उपचाराकडे वळवते, तर लोक म्हणतील वा. मग शेजारी अमेरिकेतलं ओरेगॉन पण लिहा. तिथे २०२० ला लोकांनीच साधारण ५८ टक्के मतांनी ठरवलं की थोडा माल जवळ असणं गुन्हा नाही, फेब्रुवारी २०२१ ला ते चालू झालं, उपचाराचा पैसा पोचायला उशीर झाला, रस्त्यावर उघड्यावर नशा दिसायला लागली, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून परत गुन्हा. चार वर्षांत जनमत फिरलं. दोन्ही ओळी द्या नाहीतर एकही देऊ नका. मला विचाराल तर आपल्याकडे कलम ६४ए ची एक ओळ वाचून दाखवली तरी पुष्कळ होतं, "असं आहे का, मग पोलीस सांगत का नाहीत" हे हमखास ऐकायला मिळतं. (विचारून मत घेणं इंग्रजांनीपण केलं होतं बरं का, १८९३-९४ ला भांग-गांजावर आख्खा आयोग बसवून हजारावर साक्षी घेतल्या, आणि निघालं काय तर बेताने घेणाऱ्याला फार अपाय नाही, सरसकट बंदी नको.)

एक तयारी मनाची ठेवा. चिठ्ठी टाकून झाल्यावर कोणीतरी बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, आमचा पोऱ्या असा असा करतोय, काय करू. तुम्ही डॉक्टर नाही, सल्ला देत बसू नका, कागदावर १४४४६ लिहून द्या, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे. मनाचा त्रास असेल तर टेलिमानस, १४४१६. १९३३ पण एक नंबर फिरतो, तो एनसीबीचा (केंद्राचं अमली पदार्थ पकडणारं खातं), तिथे मालाची खबर पण देतात. घाबरलेल्या आईच्या हातात कोणता नंबर पडतोय याचं भान ठेवा.

मोजणी दोघांनी वेगवेगळी करा आणि आकडे जुळेपर्यंत उठू नका. निकाल लिहिताना एक मोठा आकडा वर टाकायचा मोह होतो, तो टाळा. असं लिहा: गांजाला शंभरात इतके जेल म्हणाले, इतके उपचार, एमडीला इतके, "एक मुलगा" चिठ्ठीवर इतके, "नात्यातला मुलगा" चिठ्ठीवर इतके, बाया अशा, पुरुष असे. एखाद्या खान्यात बारा-पंधराच माणसं असतील तर तिथे टक्के काढू नका, सरळ "पंधरापैकी नऊ" लिहा. प्रश्न जसाच्या तसा छापा, चित्रांसकट. ज्या गावात केलं तिथे निकाल ग्रामसभेत नाहीतर पारावर वाचून दाखवा, आधी गाव, मग पेपर. लोक ऐकताना भांडतात, "आमच्या गावात एवढे लोक सोडून द्या म्हणाले? शक्य नाही", भांडू द्या, ते पण लिहून घ्या.

आणि पेपरला किंवा चॅनलला द्यायचं ठरलं तर हेडिंग तुम्हीच लिहून द्या, शक्य असेल तर छापायच्या आधी फोनवर वाचून घ्या. "पिणाऱ्याला दवाखाना, विकणाऱ्याला जेल" असा निकाल सकाळी पेपरात "खान्देशला हवाय मोकळा गांजा" होऊन येतो, मग गावातले लोक तुमच्या नावाने खडे फोडतात आणि पुढच्या गावात बॉक्स घेऊन गेलात की ओट्यावर कोणी बसायला सुद्धा सांगत नाही.